चिंच जागेवर ठेवून शाळेचं फाटक कसं हलवावं

बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आणि आमच्या शाळेच्या फाटकाचं काम माझ्याकडे आलं. फाटकाला लागून एक जुनी चिंच, पलीकडे दोन पर्जन्यवृक्ष. बैठकीत पहिलीच सूचना आली, चिंच काढा म्हणजे गाड्या सुटतील.

नकाशा काढण्याआधी मोजणी करा. मी तीन दिवस सकाळी पावणेसातला वही घेऊन फाटकासमोर बसलो. व्हॅन, रिक्षा, दुचाकी आणि चालत येणारी मुलं, प्रत्येकाचा वेगळा रकाना. कोंडी चिंचेमुळे नव्हतीच. मुलांना सोडून दुचाकी फाटकासमोरच वळत होत्या आणि मागे व्हॅन अडकत होत्या. म्हणून चिंच मधे ठेवून एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर असा रस्ता केला. फाटक दोन व्हॅन उभ्या राहतील एवढं आत घेतलं. चालत येणाऱ्यांना वेगळं छोटं दार. त्यांची वाट गाड्यांना कुठेही छेदत नाही.

आता मुळं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा आणि चौपट करा. घेर अडीच मीटर असेल तर खोडापासून साधारण १० मीटरपर्यंत मुळांची हद्द समजा. श्वास घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, म्हणून एवढ्या भागात जेसीबी नको. रस्ता त्यावरून न्यावाच लागला तर जमीन न खोदता, आहे त्या पातळीवर जिओग्रिड (जमिनीला आधार देणारी प्लास्टिकची मजबूत जाळी) अंथरा, वर बारीक चुरा नसलेली खडी आणि मग पेव्हर. त्यातून पाणी आणि हवा खाली जाते. कंपाउंड भिंतीला सलग पाया खणू नका. मुळं चुकवून सुटे खांब घ्या आणि जमिनीच्या वर बीम टाका. केबलचा चर हाताने खणा, अंगठ्याहून जाड मूळ दिसलं की तोडू नका, पाइप त्याच्या खालून न्या. बुंध्यावर माती चढवू नका.

शहरी हद्दीत फांद्या छाटायलाही पालिकेची परवानगी लागते. राज्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं, तेव्हा अर्ज लवकर करा.

काम सुरू होण्याआधी झाडाभोवती पत्रे ठोका आणि ही अट वर्क ऑर्डरमध्ये लिहा. आम्ही तोंडी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सिमेंटचा मिक्सर चिंचेखालीच उभा होता.