खेड्यांसाठी मोफत वकिली: शिबिरापासून नक्कल हातात पडेपर्यंत

या सगळ्या कामात शिबिर भरवणे सर्वांत सोपे. मंडप, सतरंजी, सरपंचांचे भाषण, फोटो, झाले. त्या दिवशी घेतलेले कागद पुढची दोन-तीन वर्षे कोण सांभाळणार आणि तारखेला कोण उभे राहणार, हे ठरलेले नसेल तर शिबिर भरवूच नये. नंदुरबार, धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या वकिली कार्यालयाला गावांसाठी मोफत सेवा नेटाने चालवायची असेल, तर कामाची घडी अशी बसवावी.

आधी आकडा ठरवा. चार वकिलांच्या कार्यालयाने एका वेळी बारा मोफत फाइली चालवाव्यात, माणशी तीन. एक निकाली निघाली की नवी घ्यायची. आकडा नसला की पहिल्याच शिबिरात चाळीस वकीलपत्रांवर अंगठे उठतात आणि सहा महिन्यांत रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) 'वादीचे वकील गैरहजर' असे शेरे पडू लागतात. मग दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो आणि तो परत बोर्डावर आणायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च. तेराव्या माणसाला 'नंतर या' म्हणू नका. त्याचा अर्ज तिथेच भरून मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी तालुका विधी सेवा समितीकडे दाखल करून द्या आणि आवक क्रमांक त्याच्या हातात ठेवा.

इथे एक चूक सर्रास होते. आदिवासी बाईला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणायला पिटाळले जाते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले आरोपी, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, आणि तिथेही कलम १३ नुसार उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र साधारणपणे पुरते. ते साध्या कागदावर करा. शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी कचेरीबाहेर लोकांच्या गळ्यात स्टॅम्प पेपर मारले जातातच. १५१०० हा मोफत मदतीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

फलकाचे मात्र जपून. गरजूला फी परवडत नाही म्हणून त्याला वाऱ्यावर सोडू नये, हे बार कौन्सिलच्या नियम ४६ मध्ये वकिलाचे कर्तव्यच सांगितले आहे. पण नियम ३६ वकिलाला जाहिरातीची मनाई करतो. म्हणून फलकावर विधी सेवा समितीचे नाव, ठिकाण, वेळ आणि विषय एवढेच असावे. कार्यालयाचे नाव, वकिलांचे फोटो, 'आजवर इतके खटले जिंकले' हे नको.

दिवस निवडताना पंचांगापेक्षा मजुरीचे वेळापत्रक पाहा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा पट्ट्यातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला निघून जातात. तेव्हा भरवलेल्या शिबिराला म्हातारी माणसे आणि पुढारी एवढेच येतात. होळीनंतर एप्रिल-मे हा काळ चांगला. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरडी कोसळतात, तेव्हा तळोद्याहून धडगावला जायचे ठरवू नका. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात ही अडचण एवढी नाही. कुठेही आठवडे बाजाराचा दिवस उत्तम, पण टेबल सकाळी नऊला मांडा. दुपारी दोननंतर माणसाचे अर्धे लक्ष परतीच्या जीपकडे असते. बायकांसाठी वेगळी खोली आणि तिथे वकीलताई हव्यातच. भर बाजारात, नवऱ्याच्या भावकीसमोर, मारहाणीबद्दल कोणी बोलणार नाही.

दुभाष्या म्हणून सरपंच किंवा पोलीस पाटील यांना बसवू नका, कारण बऱ्याच तक्रारींचा माग त्यांच्याच दारात पोचतो. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, आशाताई, गावातले शिकलेले पोर यांच्यापैकी पावरी, भिलोरी किंवा अहिराणी घरात बोलणारे कोणी असावे. अंगठ्याखाली 'वाचून व समजावून सांगितले' असे लिहून दुभाष्याचे नाव आणि सही घ्या. पुढे 'मला काय लिहिले ते माहीतच नव्हते' हा मुद्दा उलटतपासणीत हमखास निघतो.

टेबलावर एकच छापील पान, कार्बन लावून दोन प्रती. पहिला प्रश्न समोरच्या पक्षकाराचा. नाव कळताच कार्यालयातल्या कारकुनाला फोन लावा आणि तो आपला अशील नाही ना, हे पाहा. तालुक्याच्या गावात सोसायटी, व्यापारी, सावकार, पतपेढी यांची वकीलपत्रे त्याच दोन-चार कार्यालयांत असतात. हकीगत ऐकून झाल्यावर हे कळले तर तुम्हाला दोन्हीकडून बाजूला व्हावे लागते. मग प्रत्येक कागदावर नाव जसे आहे तसे उतरवा. रेशनकार्डावर 'सायसिंग', मतदार यादीत 'सायसिंग्या', सातबाऱ्यावर फक्त बापाचे नाव, हे नेहमीचेच. ही तफावत आजच टिपली तर एका प्रतिज्ञापत्रात भागते. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक स्थलांतर न करणाऱ्या माणसाचा. शेवटचा रकाना लाल शाईचा: निकालाची तारीख, तो हातात पडल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. मूळ कागद ठेवून घेऊ नका. फोटो काढा आणि तिथल्या तिथे परत द्या. ठेवावाच लागला तर पोच द्या.

सातपुड्याच्या गावांत सर्वांत जास्त काम वनहक्काचे निघते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करायला फी नाही, पण फेटाळलेल्या दाव्यांचे ढीग आहेत. त्यातले बरेच अर्धवट कागदांमुळे अडलेले असतात. आधी फेटाळणीचा लेखी, कारणांसह निर्णय मागा. नुसत्या यादीत 'अपात्र' असा शेरा म्हणजे निर्णय नव्हे. या कायद्याखालच्या नियम १२-अ प्रमाणे फेटाळणी दावेदाराला प्रत्यक्ष कळवायची असते. तिथून अपिलाला ६० दिवस, आणि अपील ऐकणाऱ्या समितीच्या मर्जीने आणखी ३०. म्हणून कळवल्याची तारीख कशी सिद्ध होते, ते आधी तपासा. अनेकदा कळवल्याची सहीच सापडत नाही. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जायचे. अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून त्यापुढे विभागीय समितीही आहे.

पुरावे किमान दोन लागतात, आणि आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा दिसला पाहिजे. गंमत अशी की वनखात्याने अतिक्रमणाबद्दल फाडलेली जुनी दंडाची पावती हाच अनेकांचा बळकट पुरावा ठरतो. लोक ती लाजेने किंवा भीतीने दाखवत नाहीत, म्हणून मुद्दाम विचारा. तिच्या जोडीला गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब (तो स्वतः दावेदार नको), बांध, विहीर, झोपडी यांचा स्थळपाहणी पंचनामा, जुनी घरपट्टी. 'उपग्रह चित्रात शेत दिसत नाही' एवढ्यावर दावा फेटाळला असेल तर नियम १२-अ दाखवा: चित्र पुराव्याला जोड देते, इतर पुराव्याची जागा घेत नाही, आणि एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट समितीला धरता येत नाही. कागद अपुरे असतील तर दावा ग्रामसभेकडे फेरविचाराला परत पाठवायचा असतो. अपिलात हीच मागणी पर्यायी म्हणून लिहा. पट्टा (जमिनीच्या हक्काचा कागद) नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. तो वारसांना जातो, विकता येत नाही. पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून हुसकता येत नाही, हे कलम ४(५) छापील चिठ्ठीवर देऊन ठेवा. वनरक्षक दारात आल्यावर ती चिठ्ठी कामाला येते.

वारस नोंदीसाठी दावा ठोकू नका. मृत्यूचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि तलाठ्याकडे अर्ज एवढ्यात बहुतेकांचे काम होते. हरकत आली तरच मंडळ अधिकाऱ्यापुढे उभे राहा. आदिवासीच्या जमिनीवर बिगरआदिवासीचे नाव चढलेले दिसले, तर ती फाइल मात्र वकिलानेच हातात घ्यावी. जमीन महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६-अ आणि १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा यांतले कुठले लागू पडते, ते व्यवहाराच्या तारखेवर ठरते, म्हणून जुन्या फेरफारांच्या नकला काढल्याशिवाय अर्ज लिहू नका.

पैशाचा नियम एकच: अशीलाकडून काही नाही. 'खर्चाला शंभर' सुद्धा नाही. समितीने नेमलेल्या प्रकरणात अशीलाकडून पैसे घेणे हे थेट गैरवर्तन ठरते. नकला, टपाल, नोटीस आणि जाण्यायेण्याचा खर्च कार्यालयाने वर्षाच्या सुरुवातीला वेगळा काढावा. पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसा आणि वैवाहिक संबंधांतून निघालेल्या मालमत्तेच्या वादात स्त्रियांना महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्क माफ आहे, तेव्हा ते भरून बसू नका. तडजोडीसारखे प्रकरण लोकअदालतीत ठेवा; पूर्वी भरलेले शुल्क परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे सही करण्याआधी अशीलाला त्याच्या भाषेत दोनदा सांगा.

तारीख मागताना बाजाराचा दिवस मागा. न्यायाधीश बहुधा नाही म्हणत नाहीत. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) अशीलाच्या चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे गावातले पोरही मोबाइलवर तारीख पाहू शकते. दोन दिवस आधी फोन कारकुनाने करायचा, वकिलाने नव्हे, वकील विसरतात.

फाइल बंद करताना निकालाची प्रमाणित नक्कल द्या आणि तिला लॅमिनेशन करू नका असे बजावा, त्यावर पुढे शिक्का मारता येत नाही. निकाल विरोधात गेला तरी नक्कल त्याच आठवड्यात मागा. तिन्ही जिल्ह्यांचे उच्च न्यायालयातले काम छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाते. तिथल्या विधी सेवा उपसमितीकडे कागद, वकीलपत्र आणि लाल शाईतली मुदतीची तारीख एकत्रच पाठवा.