प्रोस्टेटच्या गोळ्या: कशा घ्याव्यात आणि कुठे चुकतं

रात्री चारदा उठणं, बारीक धार, शेवटी थेंब थेंब... साठीनंतर पुरुषांना हे सगळं वाढलेल्या प्रोस्टेटमुळेच (मूत्राशयाखालच्या ग्रंथीमुळेच) होतं असं धरून चालू नका. आधी साखर तपासा, कारण वाढलेल्या मधुमेहातही रात्री असंच उठावं लागतं. सोबत लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी करा. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन आकडे शोधा: प्रोस्टेट किती सीसी आहे (म्हणजे आकार) आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करायचं ठरलं, तर ते गोळ्या सुरू होण्यापूर्वी करा. कारण पुढे येईल.

चिठ्ठी हातात आली की औषध कोणत्या गटातलं आहे ते पाहा. मुख्य गट दोन आहेत आणि त्यांची कामं वेगळी.

पहिला गट टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन यांचा. हा प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतो, वाढलेलं प्रोस्टेट लहान करत नाही. फरक काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत कळतो. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, रोज एकाच जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाने घ्या. आपल्याकडे बहुधा रात्रीचं जेवण ठरवतात. कॅप्सूल उघडून किंवा चावून खाऊ नका. औषध एकदम सुटतं आणि रक्तदाब उतरतो. उपाशीपोटी घेतल्यावरही चक्कर जास्त येते. नाशिकच्या थंडीत गोधडीतून झटकन उठून संडासाकडे धावणारे सुरुवातीच्या दिवसांत इथेच पडतात. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, दिवा लावा, मग उभे राहा. या गोळ्यांनी वीर्य कमी येतं किंवा येतच नाही, सिलोडोसिनने सर्वाधिक. त्यात अपाय नसतो. पण हे आधी न सांगितल्याने घाबरून गोळी सोडणारे बरेच असतात.

दुसरा गट फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम यांचा. हा प्रोस्टेट आकसवतो, पण सावकाश. तीन ते सहा महिने धीर धरावा लागतो. प्रोस्टेट साधारण ३०-४० सीसीच्या पुढे असेल तरच त्याचा खरा उपयोग. महिन्याभरात 'गुण नाही' म्हणून औषध बदलणं ही इथली नेहमीची चूक. सहा महिन्यांनी पीएसए जवळपास निम्मं होतं, म्हणून नंतरचा आकडा दुप्पट करून वाचतात; तो वाढू लागला तर डॉक्टरांना दाखवा. गर्भवतीने फुटलेली गोळी किंवा गळकी कॅप्सूल हाताळू नये. ड्युटास्टेराइड बंद केल्यावर सहा महिने रक्तदान नाही.

दोन्ही एकत्र असलेली कॅप्सूलही मिळते. जनऔषधी केंद्रात तोच घटक स्वस्तात मिळतो. फक्त नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून घ्या. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. चार-पाच दिवस खंड पडला असेल तर डॉक्टरांना विचारून, पुन्हा पहिल्या रात्रीसारखी काळजी घेत सुरू करा.

याच त्रासासाठी टॅडालाफिल ५ मिलिग्रॅमही कधी देतात. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर टॅडालाफिल अजिबात नको.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की नेत्रतज्ज्ञाला 'प्रोस्टेटची गोळी घेतो' किंवा 'पूर्वी घ्यायचो' असं सांगाच. टॅमसुलोसिनमुळे बुबुळाचा पडदा शस्त्रक्रियेत ढिला पडतो. माहीत असेल तर डॉक्टर तयारी ठेवतात. गोळी मनाने बंद करून काम भागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा एका आकड्यावर आला की मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली जाते. तिच्यात बहुधा फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं आणि दोन्ही लघवी अडवू शकतात. दुकानदाराला प्रोस्टेटबद्दल सांगा आणि साधी पॅरासिटामॉल मागा. संध्याकाळचा चहा आवरता घ्या, झोपण्यापूर्वी दोन तास पाणी कमी करा. दिवसभराचं पाणी मात्र तोडू नका.

पोट फुगून, कळ येऊनही लघवी अजिबात होत नसेल तर घरी वाट पाहू नका, जास्तीची गोळीही घेऊ नका. थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामं करतात आणि काही दिवस पहिल्या गटाची गोळी देऊन मग नळी काढून पाहतात. लघवीत रक्त किंवा थंडी वाजून ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा.