परदेशात राहिलं म्हणून भाषा येत नाही: जर्मनीला निघालेल्यांनो, या चुका टाळा

"मॅडम, ए१ झालं की बास. पुढचं तिकडे गेल्यावर येईलच आपोआप."

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या महिन्यातच हे बोलून मोकळे होतात. ए१ म्हणजे भाषेच्या युरोपीय पातळ्यांतली सगळ्यात खालची पायरी. तिच्यावर ए२, बी१, बी२ अशा पायऱ्या येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून अशी घाई असलेले विद्यार्थी जास्तच भेटतात. त्याच राज्याच्या राजधानीत, श्टुटगार्टमध्ये, मी काही वर्षं राहिले आहे. तिथे राहूनही भाषा न आलेली आपली इतकी माणसं पाहिली आहेत की या 'आपोआप'चा आता मला राग येतो. म्हणून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे. त्यातल्या दोन फार महागात पडतात. त्यांच्यावर जास्त बोलणार आहे.

राहिलं की येते, हा समज

ठाण्यातच बघा. जांभळी नाक्यावर भाजी विकायला बसणारा उत्तरेकडचा मुलगा वर्षभरात मराठीत भाव सांगतो, घासाघीस करतो, नेहमीच्या गिऱ्हाइकाची थट्टाही करतो. आणि वाशी-नेरूळमध्ये पंधरा-वीस वर्षं राहिलेले, मोठ्या हुद्द्यावरचे कितीतरी लोक 'थोडा थोडा समझता है'च्या पुढे जात नाहीत. भाजीवाल्याचं मराठीवाचून अडतं, साहेबांचं अडत नाही. त्यात आपणही भर घालतो. समोरचा मराठीत जरा अडखळला की आपण लगेच हिंदीवर येतो. जर्मनीत आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुलांचं नेमकं हेच होतं, फक्त हिंदीच्या जागी इंग्रजी असते.

खुद्द जर्मन सरकारही 'आपोआप'वर विसंबून राहत नाही. २००५ पासून बाहेरून आलेल्यांसाठी तिथे जो एकात्मता अभ्यासक्रम चालतो, त्यात ४५ मिनिटांचे ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, समाज यांचे असतात. ज्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम आहे ती माणसं जर्मनीतच राहतात, तिथेच दूध-पाव आणतात, तिथल्याच बसने फिरतात. तरी त्यांना वर्गात बसवावं लागतं, आणि एवढं करून गाठायची असते ती बी१.

भाषेच्या वातावरणात बुडवून शिकवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग कॅनडात झाला. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरून मुलांसाठी फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग सुरू करवले. पुढे अशा वर्गांत वर्षानुवर्षं शिकलेल्या मुलांचा अभ्यास भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी केला. मुलांना ऐकलेलं, वाचलेलं फ्रेंच उत्तम समजत होतं, पण बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुका तशाच राहिल्या होत्या. नुसतं कानावर पडून पुरत नाही, नेमकं बोलायची वेळ यावी लागते, असं त्यांनी १९८५ मध्ये मांडलं. माझा अनुभवही हाच आहे. कान तयार होतो, माणसाला वाटतं भाषा आली, आणि तो शिकणं थांबवतो.

यातली सगळ्यात मोठी चूक घर घेतानाच होते. चार मराठी मुलं मिळून एक फ्लॅट घेतात. भाडं वाचतं, वरण-भात मिळतो, आजारी पडलं तर कुणीतरी उशाशी असतं. परक्या देशात पहिल्या हिवाळ्यात या गोष्टींचं मोल किती असतं ते मला ठाऊक आहे. तरीही सांगते, पहिलं वर्ष तरी वेगवेगळ्या देशांच्या किंवा जर्मन मुलांबरोबर राहा. भांडी कुणी घासायची, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, रात्री दहानंतर आवाज का केला, या भांडणांतून जी जर्मन येते ती कुठल्याही पुस्तकातून येत नाही. शनिवारी मराठी मित्रांकडे जाऊन पोटभर जेवा. राहायला मात्र जाऊ नका.

काही जण हिशोब मांडतात. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असलेल्याला ए१ असली तरी २७ महिन्यांनी कायमस्वरूपी परवाना मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी, म्हणजे फरक सहाच महिन्यांचा. मग एवढा जीव कशाला काढायचा? नागरिकत्वाला बी१ लागते, हे एक उत्तर झालं. पण त्याच्या कितीतरी आधी घरमालकाचं मुदत घातलेलं पत्र येतं, मुलाच्या बालवाडीतली पालकसभा येते, दवाखान्यात फोन करून वेळ घ्यायची असते. ऑफिसातली इंग्रजी तिथे कामाला येत नाही.

चुकतंय तर चुकू दे, बोलत सुटायचं

ही माझ्या मते सगळ्यात घातक चूक, कारण ती चूक वाटत नाही. सगळे सांगतात, लाजू नका, व्याकरणाचा विचार करू नका, बोला. पहिले दोन-तीन महिने ते ठीक आहे. त्यानंतर त्याच चुकीच्या वाक्यांवर भागायला लागलं की ती वाक्यं पक्की होतात.

ऐरोलीची एक मुलगी लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिकडे गेली. शिक्षणाने नर्स. जाण्याआधी ए१ जेमतेम केलेलं. तिथे एका गोदामात पॅकिंगचं काम मिळालं. बरोबर काम करणारे तुर्कस्तानचे, रोमानियाचे, सीरियाचे, म्हणजे सगळ्यांचीच जर्मन तुटकी. वर्षभरात ती धडाधड बोलायला लागली. सासूबाई ठाण्यात सगळ्यांना सांगायच्या, आमची सून जर्मनांशी जर्मनमध्ये भांडते. पण तिचं प्रत्येक क्रियापद मूळ रूपात होतं. 'उद्या मी जायचं', 'काल तो येणं', असं मराठीत बोलावं तशी तिची जर्मन होती. नामाआधी लागणाऱ्या, त्याचं लिंग दाखवणाऱ्या डेअर, डी, दास या तिन्हींच्या जागी ती एकच 'डी' वापरायची. अर्थ पोचत होता, म्हणून कुणी टोकत नव्हतं. तिथली माणसं अनोळखी माणसाच्या भाषेत चुका काढत बसत नाहीत.

मग तिला वाटलं, आपल्या नर्सिंगच्या पदवीला तिथे मान्यता घ्यावी. त्यासाठी साधारण बी२ लागते. ती पूर्ण आत्मविश्वासाने परीक्षेला बसली. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १००पैकी ६० गुण लागतात. श्रवणात तिला सुंदर गुण मिळाले. लेखन आणि संभाषण दोन्ही गेले. संभाषण गेलं याचा तिला धक्काच बसला होता. मला फोनवर म्हणाली, "ताई, मी तर दिवसभर बोलते हो!"

त्यानंतर आमचं शिकणं सुरू झालं, तिची कामाची पाळी संपल्यावर, आपल्याकडे रात्री उशिरा. नवं शिकवणं सोपं असतं. तिच्या तोंडात बसलेलं एकेक वाक्य उपसून काढावं लागलं. 'मॉर्गन' म्हणजे 'उद्या' वाक्याच्या सुरुवातीला आला की क्रियापद त्याच्या लगेच पुढे यायला हवं, 'मॉर्गन गेहे इख', एवढ्या एका नियमासाठी आठवडे गेले. तिला नियम पाठ होता. बोलण्याचा वेग वाढला की जुनं वाक्यच बाहेर पडायचं. मी तिला मुद्दाम हळू बोलायला लावलं, आणि तिला ते फार अपमानास्पद वाटायचं. पुढच्या खेपेला संभाषण निघालं. लेखनाला आणखी वेळ लागला. आज ती एका रुग्णालयात काम करते, पण मधली दोन-अडीच वर्षं गोदामात गेली ती गेलीच.

हे फक्त तिचंच नाही. भाषासंशोधक रिचर्ड श्मिट यांनी हवाईत राहायला आलेल्या एका जपानी चित्रकाराच्या इंग्रजीचा तीन वर्षं अभ्यास केला आणि तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो माणूस मनमिळाऊ, बडबड्या, लोकांत रमणारा. गप्पा मारण्यात तो कितीतरी पुढे गेला, व्याकरण मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं.

यावर मी जे करते ते सांगते. रोज संध्याकाळी वहीत तीन वाक्यं लिहायची: आज जी बोलायची होती पण नीट जमली नाहीत ती. आठवड्यातून एकदा ती अशा माणसाला दाखवायची जो खरंच चुका काढेल. श्टुटगार्टमध्ये माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी हे काम करायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मी त्यांना इडली-चटणी नेऊन द्यायची आणि त्या लाल पेन काढायच्या. असा एक माणूस शोधाच. गोड बोलणारे दहा मित्र भाषेसाठी त्याच्यापुढे काही कामाचे नाहीत.

याच्या उलट, सगळं अचूक येईपर्यंत तोंडच न उघडणारेही असतात. त्यांना एवढंच सांगेन की रोज बेकरीत जा आणि बोट न दाखवता पाव मागा.

त्यांनी इंग्रजी सुरू केली की आपणही इंग्रजी

जर्मन माणूस आपल्याला मदत म्हणून इंग्रजीवर येतो. त्यात तुमचा अपमान काही नाही. हसून म्हणायचं, "मी जर्मन शिकतेय, जर्मनमध्येच बोलूया का?" हे वाक्य ठाण्याहून निघण्याआधी घोटून घोटून पाठ करा. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून ते तलावपाळीला चक्कर मारताना म्हणून घेते. दहापैकी आठ वेळा समोरचा माणूस खूश होतो. उरलेल्या दोन वेळा तो घाईत असतो, त्याला जाऊ द्यावं.

इंग्रजीवरून जर्मन शिकणं

ही चूक इथे, ठाण्यातच होते, आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठी माणसाच्या हातात जी शिदोरी आहे ती इंग्रजीभाषकाकडे नाही. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही तीन आहेत. जर्मनमधल्या 'मुलगी' या शब्दाला नपुंसकलिंग कसं, म्हणून इंग्रजीवाले डोकं धरतात. आपण पोरगं, लेकरू रोज म्हणतो. आपल्याकडे विभक्ती आहे. "मला थंडी वाजतेय" यातलं 'मला' जर्मनमध्ये तसंच येतं, 'मिअर इस्ट काल्ट'. इंग्रजीतून विचार करणारा 'इख बिन काल्ट' म्हणतो आणि स्वतःला थंड स्वभावाचा ठरवून बसतो. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाणं आपल्याला नवं नाही. एकवीस, बावीसमध्ये एककाचा आकडा आधी येतो, जर्मनमध्येही तसंच. पण आज ठाण्यातल्या कितीतरी मुलांना मराठी आकडेच येत नाहीत, त्यांचा हा फायदा बुडतो. लिंगं मराठीशी जुळतीलच असं नाही, प्रत्येक शब्द त्याच्या डेअर-डी-दाससकटच पाठ करावा लागतो. पण लिंग ही कल्पनाच समजावून घ्यायला इंग्रजीची कुबडी कशाला?

आणखी काही, थोडक्यात

फोन टाळू नका. ईमेलने वेळ घेता येते म्हणून सगळे तिकडेच पळतात. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणूनच तिथे कान घडतो. पत्र आलं की लगेच मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करू नका, आधी दोनदा वाचा, मग तपासा.

समोरच्याने सांगेपर्यंत 'डू' म्हणू नका, 'झी' म्हणा. अरे-तुरे आणि अहो-जाहो आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, तरी इंग्रजीच्या सवयीने मुलं ऑफिसात आणि सरकारी कचेरीत गडबड करतात.

श्टुटगार्टकडे श्वेबिश बोली चालते. 'इख'चं 'इ' होतं, 'निख्ट'चं 'नेट' होतं. पहिल्या आठवड्यात काहीच कळलं नाही तर आपली जर्मन वाया गेली असं समजू नका. प्रमाण भाषेत बोलायची विनंती करा, आणि बोलीला कान देत राहा.

ॲपवर रोज दहा मिनिटं शब्द जुळवणं म्हणजे शिकणं नाही. 'सहा महिन्यांत बी२, हमखास' अशी पाटी लावलेल्या क्लासला पैसे देऊ नका. लोकलमध्ये कानात काही घालायचंच असेल तर डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका. ठाणे ते वाशी एवढ्या वेळात एक बातमीपत्र दोनदा ऐकून होतं. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा ओठ हलवत.

निघण्याआधी इथूनच बी१ करून जा. मग तिकडे पोचल्यावर, सामान लागल्यानंतरचं पहिलं काम म्हणून, फोल्क्सहोखशूलमध्ये जाऊन संध्याकाळच्या वर्गाला नाव नोंदवा. ही सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्रं लहान गावांतही असतात आणि खासगी क्लासच्या मानाने स्वस्त असतात. सत्रं साधारण फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात, आणि नोकरी करणाऱ्यांना जमणारे वर्ग लवकर भरतात. ऑक्टोबरमध्ये पोचणार असाल तर फेब्रुवारीपर्यंत थांबू नका, चौकशीचं ईमेल ठाण्यातूनच पाठवा, आणि ते जर्मनमध्ये लिहा.