फ्लाइट सिम्युलेटरवर भूगोल शिकताय? मग या चुका टाळा

नवीन फ्लाइट सिम्युलेटर हाती आलं की बहुतेक जण आधी आपल्या घरावरून एक चक्कर मारतात, मग मुंबईहून एखादं मोठं जेट उडवतात आणि शेवटी नेपाळमधल्या लुक्लाच्या ५२७ मीटरच्या धावपट्टीवर उतरायचा प्रयत्न करतात. एवढं झालं की अनेकांचा उत्साह ओसरतो. मला याचं फार वाईट वाटतं. कारण शाळेत नुसत्या पाठ केलेल्या गोष्टी, म्हणजे जलविभाजक, पर्जन्यछायेचा प्रदेश, घाटमाथा, खिंड, या सगळ्या डोळ्यांनी बघायची सोय घरातल्या कॉम्प्युटरवर आहे. ती वाया जाते ती काही ठरावीक चुकांमुळे, आणि त्यातली एकही अशी नाही की जी सुधारता येणार नाही.

मोठं विमान, भरपूर उंची

सगळ्यात मोठी चूक ही. पस्तीस हजार फुटांवरून साडेचारशे नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाने जाताना सह्याद्री म्हणजे खाली एक गडद पट्टा, आणि तोही बघता बघता मागे पडतो. भूगोल बघायचा असेल तर सेस्ना १७२ हे एका पंख्याचं छोटं विमान घ्या. वेग १०० ते ११० नॉट आणि उंची जमिनीपासून दोन-तीन हजार फूट. या उंचीवरून नदीचं वळण, धरणाची भिंत, रस्ता घाटात कुठे शिरतो ते नीट दिसतं आणि विचार करायला वेळही मिळतो. कॉम्प्युटर जुना असेल तर फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर मोफत मिळतं. गुगल अर्थ प्रोमध्येही साधं उड्डाण करता येतं. जमीन वाचायला सुरुवात करण्यासाठी तेवढं पुरतं.

पहिलं उड्डाण कुठलं करावं असं मला कुणी विचारलं, तर मी पुणे ते नाशिकजवळचं ओझर हे सांगेन. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, पूर्व ७३.९ अंशांच्या आसपास आहेत. नाक सरळ उत्तरेला ठेवलं तर १७० किलोमीटरवर ओझर येतं. पण सरळ जाऊच नका. लोहगावहून उडालात की आधी उत्तरेला जुन्नर गाठा, शिवनेरी बघा, मग वायव्येला वळून नाणेघाटापर्यंत जा आणि तिथून घाटमाथ्याच्या कडेकडेने उत्तर धरा: माळशेज, हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई. डाव्या पंखाखाली जमीन एकदम दोन हजार फुटांहून जास्त कोसळते, ते कोकण. उजव्या पंखाखाली ती हळूहळू पूर्वेकडे उतरत जाते, तो देश. ‘पश्चिम उतार तीव्र, पूर्व उतार मंद’ हे वाक्य आपण परीक्षेत कितीदा लिहिलं असेल! इथे ते दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून दिसतं.

नाणेघाटाजवळ कुकडी उगम पावते. पश्चिमेला समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, तरी तिचं पाणी घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करत थेट बंगालच्या उपसागराला मिळतं. जरा पुढे गेलात, हरिश्चंद्रगड ओलांडलात, की मुळा आणि प्रवरेची खोरी येतात आणि ते पाणी गोदावरीला जातं. म्हणजे मधे तुम्ही हरिश्चंद्र-बालाघाट रांग पार केलीत, भीमेचं आणि गोदावरीचं खोरं वेगळं करणारी. इथे थांबा, पॉज करा, नकाशा काढा आणि ती रांग पूर्वेला कुठवर जाते ते बोटाने गिरवा. भंडारदऱ्याचा जलाशय दिसला की प्रवरा सापडलीच म्हणून समजा.

अल्टिमीटरचा आकडा म्हणजे जमिनीपासूनची उंची नव्हे

वरच्याच उड्डाणात नवखी मंडळी डोंगरावर आदळतात, आणि त्याचं कारण हे. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. पुणे विमानतळच १,९४२ फुटांवर आहे, तेव्हा काट्यावर ३,००० दिसले तरी खाली जेमतेम हजार फूट हवा असते. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. चार हजारांवर निवांत उत्तरेला निघालात तर शिखर समोरून येणार. या मार्गावर ६,५०० फूट ठेवा.

दुसरा भाग हवेच्या दाबाचा. अल्टिमीटर हे मुळात दाब मोजणारं यंत्र आहे. त्यात प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल ठेवलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडे दाब बऱ्याचदा १००३-१००५ च्या घरात असतो. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट धरा. म्हणजे दाब न बदलता उडालात तर काटा खऱ्या उंचीपेक्षा सव्वादोनशे ते तीनशे फूट जास्त दाखवतो. धुक्यात उतरताना हा फरक पुरेसा घातक आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बी हे बटण दाबलं की त्या ठिकाणचा दाब आपोआप बसतो. पण मुलांना शिकवत असाल तर आधी चुकीच्या दाबावर धावपट्टीवर उभं राहायला सांगा. काटा काय दाखवतो आणि विमानतळाची उंची किती, यातला फरक त्यांनाच काढू द्या.

चित्र खरं मानणं

सिम्युलेटरमधली जमीन तीन थरांची असते. खाली उंचीचे आकडे, त्यावर उपग्रहाचा किंवा विमानातून घेतलेला फोटो, आणि त्यावर कॉम्प्युटरने उभारलेली घरं-झाडं. प्रत्येक थराची चूक वेगळ्या प्रकारची असते आणि ती ओळखता आली पाहिजे.

उंचीचा थर घ्या. जगभर वापरली जाणारी उंचीची बरीच माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने गोळा केली. उत्तर ६० ते दक्षिण ५६ अक्षांशांमधली जमीन तिने मोजली, साधारण ३० मीटरला एक बिंदू अशा बारकाईने. डोंगररांगा, खोरी, पठारं यांना हे छान चालतं. कड्यांना चालत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासमोर विमान नेऊन बघा. प्रत्यक्षात तो कडा आत वळलेला आहे, माथा पुढे आणि पोट आत. सिम्युलेटरमध्ये मात्र तिथे एक तीव्र उतार दिसतो, त्यावर ताणलेला, लांबुळका झालेला फोटो. कारण अशा जमिनीत नकाशावरच्या एका बिंदूला एकच उंची देता येते. आत वळलेल्या कड्याखाली एकाच जागी दोन उंच्या लागतात, माथ्याची आणि पायाची, आणि त्या तिथे मावतच नाहीत. म्हणून सिम्युलेटरवरून ‘कोकणकडा काही एवढा खास नाही’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. डोंगराची मांडणी इथे शिकावी, कड्याचं रूप गडावर जाऊन बघावं.

फोटोच्या थराची गंमत पावसाळ्यात कळते. थेट हवामान चालू केलं की जुलैत घाटमाथ्यावर ढग दाटतात आणि पाऊस पडतो, पण खालची जमीन एप्रिलमधल्यासारखी करपलेली असू शकते, कारण फोटो कोरड्या दिवसांतला. उजनीचं किंवा कोयनेचं पाणीही फोटोच्या दिवशी होतं तेवढंच. तेव्हा ढग कुठे अडतात हे बघून पर्जन्यछाया शिका, ते खरं आहे. जमिनीचा रंग बघून ऋतू ठरवू नका.

तिसरा थर सगळ्यात अविश्वासू. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर आलं तेव्हा मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात २१२ मजल्यांचा एक सुळका उभा असलेला लोकांना दिसला. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कुणीतरी २ ऐवजी २१२ मजले टाइप केले होते आणि कॉम्प्युटरने ते मुकाट्याने बांधले. आपल्या गावात देवळाच्या जागी चौकोनी इमारत दिसली तर त्याचं मूळही असंच काहीतरी असतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कुणालाही दुरुस्ती करता येते. आपल्या गावची वेस, ओढा, वाडी, देऊळ तिथे नीट नोंदवणं हे माझ्या मते या छंदातलं सर्वात उपयोगी काम आहे.

या सगळ्यावर उतारा एकच: शेजारी खरा नकाशा ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे ऑनलाइन मिळतात. त्यातल्या समोच्च रेषा साधारण दर २० मीटरला असतात. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्यात तिथे विमानातून काय दिसतं, हे दोनचार वेळा ताडून बघितलं की नकाशा वाचायची नजर तयार होते.

जीपीएसच्या रेघेमागे जाणं

स्क्रीनवरची रंगीत रेघ पकडून गेलात तर पोहोचता, पण मधला प्रदेश डोक्यात राहत नाही. गावांची नावं दाखवणारी लेबलंही बंद करा. घड्याळ, होकायंत्र आणि नकाशा एवढ्यावर जा.

सरावाला छत्रपती संभाजीनगर ते लोणार उत्तम. अंतर सुमारे ११७ किलोमीटर, दिशा ८४ अंश, म्हणजे पूर्वेच्या किंचित उत्तरेला. उंची ५,५०० फूट ठेवा. १०५ नॉटने निघालात आणि वारा नसेल तर पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला उजव्या हाताला थोडं लांब जालना दिसलं पाहिजे. तेविसाव्या-चोविसाव्या मिनिटाला जवळजवळ पंखाखालीच सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मगाव. छत्तिसाव्या मिनिटाला लोणार. जालना अपेक्षेपेक्षा फारच जवळ आलं तर वारा तुम्हाला दक्षिणेला ढकलतोय, दोन-चार अंश डावीकडे घ्या.

लोणार सापडत नाही अशी तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा विमान फार खाली असतं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असला तरी त्याची कड आजूबाजूच्या पठारापेक्षा फक्त २० मीटरच्या आसपास उंच आहे. खालून येताना ती जाणवतच नाही आणि विवर शेजारून निघून जातं. वर चढा, की ते गोल हिरवट पाणी दिसेल. सकाळची वेळ ठेवली तर कडेची सावली आत पडते आणि खोली लगेच कळते. भर दुपारी सगळी जमीन सपाट दिसते, हे कुठल्याही डोंगराळ भागाला लागू आहे. वेळ बदलताना सिम्युलेटर स्थानिक वेळ विचारतंय की जागतिक, ते तपासा. साडेपाच तासांच्या फरकामुळे सकाळ म्हणून रात्र लावून बसणारे खूप आहेत.

एक सावधगिरी: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, म्हणून नकाशावर मोजलेली दिशा होकायंत्रावर तशीच चालते. हीच सवय घेऊन अमेरिकेत सिअॅटलला गेलात तर तिथे फरक सुमारे १५ अंशांचा आहे, आणि शंभर किलोमीटरमागे तुम्ही पंचवीस-एक किलोमीटर भरकटाल.

यंत्राच्या तक्रारी, थोडक्यात

जमीन धूसर, घरं वितळल्यासारखी दिसत असतील तर आधी इंटरनेट बघा. मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर फोटो उडता उडता मागवतं, आणि २०२४ ची आवृत्ती तर आणखी जास्त. सेटिंगमध्ये ऑनलाइन डेटा चालू आहे ना ते पाहा आणि साठवलेली कॅशे पुसून नव्याने करा. तरीही अडखळत असेल तर विमानांची रहदारी आणि ढगांचा दर्जा कमी करा. जमिनीचा तपशील सगळ्यात शेवटी कमी करा, आपल्याला तोच हवा आहे.

विमान धावपट्टीवर डावीकडे ओढतंय? एका पंख्याच्या विमानात ते व्हायचंच, उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) द्या. हवेतही सतत एका बाजूला कलत असेल तर जॉयस्टिकचा मधला निष्क्रिय भाग थोडा वाढवा आणि एकच काम दोन उपकरणांना दिलेलं नाही ना, ते तपासा.

लेहला इंजिन मलूल पडतं ही तक्रार खरं तर भूगोलाचीच आहे. विमानतळ १०,६८२ फुटांवर, हवा विरळ. मिक्श्चरचा दांडा थोडा मागे ओढून इंधन कमी करा, इंजिन सुधारेल. पण सेस्ना १७२ ची कमाल मर्यादा १४,००० फुटांच्या आसपास आहे आणि खारदुंग ला त्याहून साडेतीन हजार फूट उंच. कितीही प्रयत्न केलात तरी ती खिंड या विमानाने पार होणार नाही. तिथे दऱ्यादऱ्यांनी, सिंधूच्या काठाने फिरा.

सपाट नकाशावर लांबचा प्रवास आखणं

मोठ्या जेटचा खरा उपयोग इथे आहे. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरलात तर तो मुंबईहून वायव्येच्याही वर, ३३३ अंशांच्या दिशेला निघतो, मध्य आशियावरून, रशियावरून चढत उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांच्या उत्तरेला ६४-६५ अक्षांशापर्यंत जातो आणि मग उतरायला लागतो. प्रत्यक्षातल्या विमान कंपन्या वारा आणि बंद हवाई क्षेत्रं बघून मार्ग बदलतात, पण सर्वात जवळचा रस्ता हाच.

चौदा-पंधरा तास बसायची गरज नाही. सिम्युलेटरमध्ये विमान थेट फेरो बेटांच्या उत्तरेला हवेत सुरू करा. तारीख २१ जून, वेळ मध्यरात्र: आकाश काळं होत नाही. आता तारीख २१ डिसेंबर आणि वेळ दुपार करा: सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दीड-दोन अंश वर. मग त्याच तारखेला, त्याच दुपारी पुण्याला या. इथे तो सुमारे ४८ अंशांवर असतो. दोन्हीकडचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की पृथ्वीचा कललेला अक्ष मुलांना समजावायला वेगळी आकृती काढावी लागत नाही.