पंप चांगला होता, जोड कुजला होता

मालवणला आमची लहान फायबरची बोट आहे, हौसेची. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) नुसता घुं-घुं करायचा, पाणी जेमतेम फेकायचा. शेजारचे काका म्हणाले, "पंप गेलो, नवो घाल." मी घातला. नवाही तसाच रडायला लागला!

मग मल्टीमीटर काढला. पंप सोडवून, स्विच चालू ठेवून त्याच्याकडे येणाऱ्या वायरींवर मोजलं तर १२.६ व्होल्ट. इथेच मी आधी फसलो होतो, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप जोडून, चालू ठेवून मोजलं तेव्हा बॅटरीवर १२.४ आणि पंपावर फक्त ८.९. साडेतीन व्होल्ट वाटेत कुठे मुरत होते? मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या काळ्या वायरीला लावलं: ३.२. तिथे जवळपास शून्य यायला हवं. म्हणजे चोर परतीच्या, निगेटिव्ह वायरीत.

तळाशी हात घातला तर पिळून टेप गुंडाळलेला एक जोड लागला. टेप सोडली, आत हिरवी भुकटी. वायर सोलत गेलो तसं तांबं वीतभर आतपर्यंत काळं. (हा जोड मीच मारला होता, काकांना सांगितलेलं नाही.)

कल्हईची, म्हणजे टिनचा मुलामा असलेली नवी वायर टाकली, जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत घालून पकडीने दाबून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवली आणि पाण्याच्या वर बांधला. आता पंपावर १२.१ येतात. जुना पंपही ठणठणीत निघाला, तो जादाचा म्हणून ठेवलाय.