वायफायची गळती शोधायची तर आधी राउटरला पिंग करा, आणि रिकामा दिसणारा तीन नंबरचा चॅनेल विसरा

व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायला लागला की ठरलेले सल्ले मिळतात: राउटर बंद करून चालू कर, नाहीतर प्लॅन वाढव. मी प्लॅन वाढवून वर्षभर जादा पैसे भरले आणि आवाज तसाच तुटत राहिला. दोष वेगाचा नव्हताच, घरातल्या हवेत होता.

तपासणी लॅपटॉपवरून करा. फोन बॅटरी वाचवायला वायफायला मधूनमधून झोपवतो, त्यामुळे त्याचे आकडे फसवे असतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा. 'डिफॉल्ट गेटवे'समोरचा पत्ता तुमच्या राउटरचा, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्याला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो पत्ता द्या: लॅपटॉप छोटा निरोप पाठवतो आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवतो. विंडोज चार पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पाठवून थांबतं आणि चार पॅकेटांवरून काहीही कळत नाही. म्हणून शेवटी 'उणे टी' (-t) जोडा आणि पाच मिनिटं चालू द्या. शेजारच्या खिडकीत ८.८.८.८ लाही, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, तसंच पिंग करा.

राउटरची उत्तरं व्यवस्थित आणि बाहेरची गळताहेत? मग वायफायचा दोष नाही. नेटवाल्याला फोन करा, पुढचं वाचायची गरज नाही.

राउटरच्याच उत्तरांत गडबड असेल तर फक्त 'लॉस'चा, म्हणजे हरवलेल्या पॅकेटांचा, आकडा बघू नका. मी ० टक्के बघून खूश झालो होतो. वायफाय हट्टी असतं. पाठवलेल्याची पोच आली नाही की तेच पुन्हा पाठवतं, नाही जमलं तर पुन्हा. त्यामुळे हवेत पॅकेट हरवत असली तरी पिंगमध्ये लॉस शून्य दिसू शकतो. खरी गोष्ट वेळेच्या रकान्यात असते: २-३ मिलिसेकंद चाललेले असताना मधेच १५०, मग ३००. एखादी उडी सोडून द्या, लॅपटॉप आसपासची नेटवर्क शोधत असतो तेव्हाही ती येते. पण झुंडीनं येणाऱ्या उड्या म्हणजे पुन्हापुन्हा पाठवणं चाललंय.

आता चॅनेल, म्हणजे राउटर ज्या लहरींवर बोलतो ती नंबर दिलेली पट्टी. इथंच मी फसलो होतो.

आसपासची वायफाय कुठल्या चॅनेलवर आहेत ते दाखवणारं वायफाय ॲनालायझरचं कुठलंही ॲप उघडा. आमच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ नंबरांवर शेजाऱ्यांची गर्दी आणि ३ नंबर अगदी मोकळा. मी आनंदानं ३ वर गेलो, आणि आवाज आधीपेक्षा जास्त तुटायला लागला. कारण चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात, पण प्रक्षेपण २० मेगाहर्ट्झ रुंद असतं. ३ वर बसलात की तुमचा एक पाय १ मध्ये आणि दुसरा ६ मध्ये.

एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांची भाषा ओळखतात. शेजाऱ्याचं बोलणं उणे ८२ डीबीएमइतकं (हे सिग्नलच्या जोराचं माप, शून्यापासून जितकं खाली तितकं क्षीण) क्षीण ऐकू आलं तरी आपला थांबतो आणि पाळी येताच बोलतो. वेग कमी होतो, पण शिस्त राहते. अर्धवट एकमेकांवर पडणाऱ्या चॅनेलवरून येणारं बोलणं मात्र त्याला नुसता गोंगाट वाटतं, आणि गोंगाटासाठी तो साधारण उणे ६२ च्या वर गेल्याशिवाय थांबत नाही. म्हणजे तो त्यांच्यावर बोलतो, ते त्याच्यावर, आणि दोघांची पॅकेट वाया. गर्दीत रांगेत उभं राहणं परवडतं, दोन रांगांच्या मधे घुसणं नाही.

तेव्हा १, ६ किंवा ११, यांपैकीच एक. निवडताना नावं मोजू नका, जोर बघा. उणे ८५ च्या खालची नावं सोडून द्या. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केलीत तर पट्ट्याचा बराचसा भाग अडवाल, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या रास्त असतील. 'ऑटो'वर माझा भरवसा नाही, बरेच राउटर चालू होताना एकदाच निवड करतात.

ॲपला फक्त वायफाय दिसतं, मायक्रोवेव्ह दिसत नाही. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि आमचा राउटर फ्रिजवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. पिंग चालू ठेवून वाटीभर पाणी तापवा, लगेच कळेल. यूएसबी ३ च्या हार्डडिस्कचा गोंगाटही याच पट्ट्यात पडतो, हे इंटेलनं २०१२ मध्येच सांगितलंय. तिला लॅपटॉपपासून लांब ठेवा. लोखंडी कपाटामागे राउटर लपवू नका.

५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर सरळ तिकडे जा. भिंती त्याला जास्त अडवतात, पण गर्दी कमी. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. मधल्या ५२ ते १४४ मध्ये रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि कॉल तुटतो. टीव्हीला राउटरपासून नेटची केबल लावा.

बदल केल्यावर पिंग पुन्हा करा, पण रात्री नऊला. सकाळी अकराला अर्धी इमारत ऑफिसात असते, तेव्हा सगळ्यांचंच वायफाय छान चालतं.