ज्वालामुखीचे वर्गीकरण कसे करावे

जागृत, निद्रिस्त आणि मृत हे ज्वालामुखींचे तीन प्रकार बहुतेकांना शाळेपासून पाठ असतात आणि वर्गीकरणाची गाडी तिथेच अडकते. या तीन शब्दांवरून डोंगर कसा आहे, त्यातून काय बाहेर येते आणि ते कशा रीतीने येते, यांपैकी काहीच कळत नाही. आकार, शिलारस, उद्रेकाची रीत आणि सद्यस्थिती हे चार वेगळे प्रश्न आहेत; त्यांची उत्तरे एकाच दावणीला न बांधता चार स्वतंत्र रकान्यांत लिहावीत. उठावदर्शक नकाशा, खडकांचे रासायनिक विश्लेषण आणि उद्रेकांच्या नोंदी हाताशी आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

आकार नकाशावरूनच ठरतो. हवाईतील मौना लोआसारखा पसरट आणि मंद उताराचा असेल तर ढालाकृती. लाव्हा आणि राखेच्या थरांवर थर चढून फुजीसारखा उंच झाला असेल तर संमिश्र. मेक्सिकोत १९४३ साली शेतातून वर आलेल्या पारिकुतीनसारखा सुट्या, सच्छिद्र खड्यांचा ढीग असेल तर खंगराचा शंकू. शिखर आत खचून मोठे कुंड झाले असेल तर कॅल्डेरा लिहावे; मात्र प्रत्येक विवराला कॅल्डेरा म्हणू नये.

शिलारसासाठी खडकातील सिलिकाचे (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचे) प्रमाण पाहावे, त्यावरून खडकाचे नाव ठरते. साधारण ५२ टक्क्यांपर्यंत बेसाल्ट, ६३ पर्यंत अँडेसाइट, त्यापुढे डेसाइट आणि सत्तरीच्या आसपास रायोलाइट. सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असलेल्या खडकांना ही पट्टी सरळ लागू पडत नाही, त्यांचेही प्रमाण धरावे लागते.

खरी मेख तिसऱ्या, म्हणजे उद्रेकाच्या रीतीच्या रकान्यात आहे आणि मीही सर्वाधिक अडखळलो ते येथेच. हवाईयन, स्ट्राँबोलियन, व्हल्कॅनियन, प्लिनियन ही नावे ज्वालामुखींच्या ठिकाणांवरून किंवा व्यक्तीवरून पडलेली असल्यामुळे ती डोंगराची लेबले आहेत असा समज होतो, आणि ‘ढालाकृती म्हणजे शांत, संमिश्र म्हणजे स्फोटक’ असे कोष्टक देणारे लेख तो समज आणखी पक्का करतात. ते कोष्टक सरळ बाजूला ठेवावे. हवाईतील किलाउएआ ढालाकृती आहे, तरी १९२४ साली त्याच्या हालेमाउमाउ विवरातून वाफेच्या स्फोटांनी मोठमोठे खडक दूरवर फेकले. इटलीतील व्हेसूव्हियसच्या इ.स. ७९ मधील उद्रेकाचे वर्णन धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने केले म्हणून प्लिनियन हे नाव रूढ झाले. त्याच व्हेसूव्हियसमधून १९४४ साली लाव्हाचे प्रवाह वाहत खाली आले. रीत ही उद्रेकाची असते, कित्येकदा एकाच उद्रेकातील एका टप्प्याची असते, म्हणून या रकान्यात तारखेशिवाय काहीही लिहू नये.

रीत ओळखताना शिलारसातील वायू कसा सुटला, हे विचारावे. पातळ शिलारसातून तो सहज सुटला तर लाव्हाची कारंजी उडतात, ती हवाईयन. मोठे बुडबुडे थांबून थांबून फुटले तर स्ट्राँबोलियन. इटलीतील स्ट्राँबोली ज्वालामुखीवर असे लहान स्फोट काही मिनिटांच्या अंतराने होत असतात. वाट घट्ट लाव्हाने बुजली आणि दाब साठून ती उडाली तर व्हल्कॅनियन. वायू आणि राखेचा स्तंभ सतत, तासन् तास, स्थितांबरापर्यंत चढत राहिला तर प्लिनियन. पाण्याशी गाठ पडल्यामुळे स्फोट झाला असेल तर ती वेगळी नोंद. १९६३ साली आइसलँडजवळ समुद्रातून वर आलेल्या सुर्त्से बेटावरून तिला सुर्त्सेयन म्हणतात.

उद्रेक पाहणारे कोणी नसेल तर साचलेल्या थरांवरून निर्णय घ्यावा, आणि एकाच उघड्या कड्यावरून तो कधीही घेऊ नये. मुखाजवळ प्रत्येक थर जाडच दिसतो. अंतरागणिक थर किती पातळ होतो आणि त्यातील कण किती बारीक होतात, हे अनेक ठिकाणी मोजल्यावरच स्तंभाच्या उंचीचा अंदाज येतो. दगडही पुष्कळ सांगतात: वरची साल भेगाळलेली आणि आतला गाभा सच्छिद्र असा गोळा मिळाला, तर साल थिजल्यावरही आतला वायू फुगत राहिला होता, व्हल्कॅनियन उद्रेकाची ही चांगली खूण आहे. शून्य ते आठ असा स्फोटकता निर्देशांकही याच तारखेसमोर लिहावा, पण तो बाहेर फेकलेला माल मोजतो, वाहिलेला लाव्हा नव्हे. आइसलँडच्या लाकी भेगेतून १७८३-८४ मध्ये सुमारे १४ घन किलोमीटर लाव्हा वाहिला, तरी निर्देशांक चारच भरतो.

सद्यस्थिती शेवटी. गेल्या सुमारे ११,७०० वर्षांत उद्रेक झाला असेल तर ज्वालामुखी जागृत धरण्याची प्रथा आहे, आणि मी तीच पाळतो. ‘निद्रिस्त’ हा शब्द शक्यतो टाळावा, कारण त्याला नेमकी कालमर्यादा नाही. ‘मृत’ लिहिण्यापूर्वी तर दहादा विचार करावा.

फिलिपिन्समधील पिनातुबोची नोंद मग अशी होते: आकार संमिश्र, शिखरावर कॅल्डेरा; १९९१ चा शिलारस मुख्यतः डेसाइट; रीत १५ जून १९९१ – प्लिनियन, निर्देशांक सहा; १९९२ – कॅल्डेरात लाव्हाचा घुमट; स्थिती जागृत. १९९१ पूर्वी तो सुमारे पाचशे वर्षे गप्प होता, आणि या नोंदीत त्यासाठी वेगळा रकाना लागत नाही.